रबरी घमेलं, भाताचं तूस आणि सहा बदकं : अख्खा हिवाळा वापरून झाल्यावरचा अनुभव

सरळ मुद्द्यावर येतो. घरामागे बदकं पाळताय आणि थंडीसाठी काय घ्यावं असं विचारत असाल तर दोनच गोष्टी घ्या, बांधकामावर वापरतात ते काळं रबरी घमेलं आणि भातगिरणीतलं तूस. बाकी नेटवर जे दिसतं ना, गरम होणारी पाण्याची भांडी, लाल हीट लॅम्प, इन्सुलेशनवाली घरं, ते सगळं बर्फ पडतो तिथल्या लोकांसाठी आहे, आणि गंमत म्हणजे तिथले जुने बदकवाले पण त्यातलं निम्मं वापरत नाहीत. दिवाळीनंतर घेतलेली दोन घमेली होळी होऊन गेली तरी रोज वापरात आहेत, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही.

आम्ही ठाण्यात कोलशेत गावात, जुनं बैठं घर, मागे दोन माड, केळी, अळू आणि त्याच्याही मागे टॉवर. बदकं सहा, चार खाकी कॅम्पबेल जातीच्या माद्या, एक त्यांचाच नर आणि एक पांढरी पेकिन जातीची, जी स्वतःला मालकीण समजते. आवाजाचं आधीच सांगून टाकतो कारण सगळे तेच विचारतात, कलकलाट माद्यांचा असतो, नर बिचारा घसा बसल्यासारखा फसफस करतो, शेपटीवर वर वळलेलं पीस दिसलं की तो नर. टॉवरमधल्या एका काकांनी दोनदा तक्रार केली, मग अंडी पोचवायला लागलो तेव्हापासून शांतता आहे.

आता घमेल्याची आयडिया कुठून आली ते सांगतो. माझा चुलतभाऊ, आमचा दादा, कॅनडात अल्बर्टामध्ये शहराबाहेर राहतो आणि त्याच्याकडे पण बदकं आहेत. तिकडे जानेवारीत उणे पंचवीस वगैरे नेहमीचं. प्लास्टिकची बादली ठेवली की पाणी गोठून फुगतं आणि बादली तडकते, पत्र्याच्या भांड्यातला बर्फ निघता निघत नाही. म्हणून तिथे सगळे रबराचा टब वापरतात. सकाळी टब उपडा करायचा, वरून बुटाने दोन लाथा, रबर दबतं आणि आतला बर्फ इडलीसारखा अख्खा बाहेर पडतो, मग आत गरम पाणी ओतायचं. त्याच्याकडे दोन टब, एक बाहेर बदकांजवळ, दुसरा घरात वितळत, दिवसातून दोनतीनदा अदलाबदल. व्हिडिओ कॉलवर हे बघून मी म्हटलं अरे हे तर आपलं गवंड्याचं घमेलं!

मागच्या खेपेला दादा येताना हौसेने एक हीटेड बाउल पण घेऊन आला होता. तिकडची वीज १२० व्होल्टची, आपली २३०, म्हणजे कन्व्हर्टर लावा. तो पण लावला असता, पण त्या भांड्यात थर्मोस्टॅट आहे, पाणी गोठायच्या बेताला आलं तरच ते चालू होतं. आता मुंबईचा आजवरचा नीचांक सांताक्रूझला ७.४ अंश आहे, तोही २२ जानेवारी १९६२ चा. म्हणजे ते भांडं माझ्या नातवाच्या काळात पण चालू होणार नाही. सध्या आई त्यात लसूण ठेवते.

तर थंडीचं मुळात काय आहे ते समजून घ्या, म्हणजे कुठे पैसे घालायचे ते आपोआप कळतं. मोठ्या, पूर्ण पिसं आलेल्या बदकाला थंडी फारशी वाजतच नाही. वरच्या पिसांखाली मऊ लव असते, तिच्यात हवा अडकून राहते. पाय उघडे असतात पण पायात जाणारं गरम रक्त आणि वर येणारं गार रक्त अगदी शेजारशेजारच्या नसांतून जातं, त्यामुळे गरम रक्ताची ऊब वर येणाऱ्या रक्ताला मिळते आणि अंगातच राहते, पाय गोठणार नाहीत इतपतच कोमट राहतात. म्हणून दादाची बदकं बर्फावर उभी राहतात आणि पाणी मोकळं दिसलं की उणे तापमानात पण डुंबतात. फक्त मस्कोव्ही जातीचं वेगळं, ती मूळची मध्य-दक्षिण अमेरिकेतली, तोंडावर लाल उघडी कातडी असते, ती कडाक्यात गोठून काळी पडते. पण हे सगळं कवच चालतं कधी, तर पिसं स्वच्छ आणि तेलकट असतील तेव्हा. आणि त्यासाठी पाहिजे पाणी, नुसतं प्यायला नाही, डोकं पूर्ण बुडेल एवढं खोल.

इथे घमेलं कामाला येतं. सकाळी खुराडं उघडलं की सहाच्या सहा सुसाट घमेल्याकडे. आधी चोच, मग डोळ्यांपर्यंत डोकं आत, नाकपुड्यांतून फुर्रकन पाणी बाहेर, मग मान मागे झटकून पाणी पाठीवर. दोनतीन वेळा असं झालं की शेपटीच्या मुळाशी तेलाची गाठ असते तिथे चोच घासायची आणि ते तेल एकेका पिसाला लावत बसायचं. हे बघताना चहा गार होतो. आधी आमच्याकडे कोंबड्यांचं उलट्या डब्याचं प्लास्टिक ड्रिंकर होतं, त्यात डोकं जात नाही, आणि पेकिनच्या डोळ्यांच्या कडेला चिकट घाण साचायला लागली होती. घमेलं आल्यावर औषधाविना आठवड्याभरात साफ.

घमेल्याचे बाकी गुण म्हणजे उलटत नाही, वजनदार आहे, पेकिन काठावर उभी राहते तरी चालतं, आपटा, ओढत न्या, तडा नाही. किंमत दोघांची मिळून एका पिझ्झापेक्षा कमी. दोष पण आहेत. नवीन असताना टायरचा वास येतो, मी उन्हात ठेवून, साबणाने घासून, पाणी भरून-ओतून बरेच दिवस घालवले तेव्हा गेला, तोवर बदकं प्यायला तयार नव्हती. आतून बुळबुळीत थर धरतो, काथ्याने रोज घासावं लागतं. आणि बदकं त्यात बसणार, त्यात शिटणार, पाणी तासाभरात डाळीच्या आमटीच्या रंगाचं होणार, हे धरूनच चला. आम्ही सकाळ-संध्याकाळ ओततो, तेच पाणी केळीला आणि अळूला. अळू असं माजलंय की शेजारी मागून नेतात. रोज ओतायचं दुसरं कारण डेंग्यूचं, साठलेल्या पाण्यात आठवड्याभरात डास तयार होतात, घमेलं बाजूला पडून राहिलं की संपलं, रिकामं असेल तर उपडंच ठेवा. एकूण पाचपैकी साडेचार, अर्धा त्या वासाचा कापला.

आता तूस. खरं सांगायचं तर घमेल्यापेक्षा जास्त फरक याने पडला, फक्त तुसाचं कौतुक कोणी करत नाही. बदकाची विष्ठा जवळजवळ सगळी पाणीच, त्यात ओल्या पायांनी आत येणार, रात्रभर श्वासाची वाफ, म्हणजे खुराडं आतून ओलं. ओल आली की अमोनियाचा वास, डोळे चुरचुरतात, छाती धरते. दादा म्हणतो तिकडे बदक गारठ्याने नाही, ओलीने मरतं. सकाळी त्याच्या शेडच्या खिडकीवर आतून हिम धरलेलं दिसलं की समजायचं वरची हवा खेळत नाहीये, मग तो उणे वीसमध्ये पण छताखालची फट मोठी करतो. बदकं बसतात त्या उंचीला वारा लागायचा नाही आणि डोक्याच्या वरून हवा बाहेर जायची, एवढंच गणित, अल्बर्टात पण तेच आणि कोलशेतला पण तेच. आमच्याकडे लोकांचा कल उलटा, थंडी आली की गोणपाट, ताडपत्री लावून खुराडं डबाबंद. आईनेही डिसेंबरात सांगितलं, अरे बाळांना गार लागेल, बांध काहीतरी. मी खालच्या दीड फुटाला गोणपाट बांधला, वर जाळी उघडी ठेवली. दोघांचं समाधान.

तूस मी मुरबाडकडच्या भातगिरणीतून गोणीने आणलं. भातझोडणी झाल्यावर त्या बाजूला तूस आणि पेंढा दोन्ही मुबलक असतं, नोव्हेंबर-डिसेंबरात घेऊन ठेवा, पावसाळ्याच्या तोंडावर शोधत फिरू नका. खाली चार बोटं जाड थर, दर एकदोन दिवसांनी खुरप्याने वरखाली करायचं आणि वरून मूठभर नवीन. रोज सगळं काढायची गरज नाही. दादा पेंढा वापरतो कारण पोकळ काड्यांत हवा राहते, ऊब धरते, शिवाय तो बर्फावर पेंढा टाकून वाटच करतो, नाहीतर बदकं शेडबाहेर पाऊल टाकत नाहीत. आपल्याकडे पेंढ्याचा घोळ असा की जरा ओल लागली की बुरशी, आणि ती बुरशी बदकाच्या फुफ्फुसात जाते. कुबट वास आला तर मोह न करता फेकून द्या. खाद्याचं तर त्याहून कडक, बुरशी धरलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड कोंबडी एक वेळ पचवेल, बदक नाही, अफ्लाटॉक्सिनला, म्हणजे त्या बुरशीच्या विषाला, बदक भलतंच नाजूक. तुसाला पाचपैकी पाच द्यायचे होते, पण उडतं फार, नाकाला रुमाल बांधून टाका.

हीट लॅम्पबद्दल लोक इनबॉक्समध्ये विचारतात म्हणून लिहितो. मोठ्या बदकांना नको. सुकं तूस, लाकूड आणि तापलेला दिवा एका खोलीत म्हणजे आगीला आमंत्रण, परदेशात खुराड्यांना आगी लागतात त्यात हे दिवे नेहमी असतात. पिल्लांची गोष्ट वेगळी. डिसेंबरात एका मित्राने काही पिल्लं आणून दिली, त्यांना पहिल्या आठवड्यात ३२ अंशाच्या आसपास लागतं, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी, पिसं भरेपर्यंत. त्यांच्यासाठी खोक्यावर जुना पिवळा बल्ब, साखळीने दोन ठिकाणी बांधून. पिल्लं दिव्याखाली गठ्ठा करून बसली तर गार लागतंय, कोपऱ्यात पळून चोची वासून बसली तर तापतंय, थर्मामीटरपेक्षा हे बघा. आणि आईविना वाढणाऱ्या पिल्लांना मोठं घमेलं देऊ नका, त्यांच्या लवेला तेल नसतं, भिजून गारठून मरतात. उथळ थाळी, त्यात नदीतले गोटे. नायसिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, ते पण लक्षात ठेवा, बदकाच्या पिल्लांना ते कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं, कमी पडलं की पाय वाकतात, नुसत्या चिक फीडवर, म्हणजे कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यावर, वाढवताना खाद्यात थोडं ब्रुअर्स यीस्ट टाकायचं.

अंड्यांचं म्हणाल तर हिवाळ्यात आमची फार कमी झाली नाहीत. ते थंडीवर कमी आणि उजेडावर जास्त असतं. ठाण्यात सगळ्यात छोटा दिवस पण साधारण ११ तासांचा, दादाकडे २१ डिसेंबरला आठ तासांच्याही आत, त्याच्या माद्या जवळजवळ बंद. तो संध्याकाळी मूठभर मक्याचा भरडा जास्त देतो, रात्री अंगात ऊब राहावी म्हणून. आपल्याकडे तसं केलं तर नुसती चरबी चढेल. रात्री आम्ही पाणी आणि खाद्य दोन्ही काढून घेतो, पाण्याशिवाय खाद्य कधीच ठेवू नका, कोरडा मॅश, म्हणजे भरडलेलं खाद्य, घशात अडकतो.

आपल्या हिवाळ्याची खरी धास्ती थंडीची नाहीच, पाहुण्यांची आहे. याच महिन्यांत खाडीवर बाहेरची बदकं उतरतात, थापट्या, तलवार बदक, आणि आपलं हळदी-कुंकू बदक तर असतंच. दिसायला देखणी, पण बर्ड फ्लूचा विषाणू जंगली बदकं काही लक्षणं न दाखवता घेऊन फिरू शकतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये आपल्याच जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला बर्ड फ्लू निघाला होता आणि आजूबाजूच्या हजारो कोंबड्या माराव्या लागल्या होत्या. म्हणून आमची घमेली आणि खाद्य दोन्ही पत्र्याच्या छपराखाली, खाडीवर फिरून आलेली चप्पल मागच्या दारात येत नाही, आणि बदकांना खाडीत सोडायचं नाही, कितीही लोक म्हणू देत की अहो पाणी जवळ आहे ना. एकदम दोनतीन पक्षी दगावले तर पुरून टाकू नका, पशुसंवर्धनवाल्यांना फोन करा.

जाळीचं एक राहिलं. षटकोनी कोंबडीजाळी मुंगसाला आणि घुशीला अडवत नाही, अर्ध्या इंचाची चौकोनी वेल्डेड जाळी घ्या आणि खाली फूटभर जमिनीत गाडा. नवी मुंबईच्या खारफुटीत कोल्हे आहेत, ऐरोली-खारघरकडच्यांनी तर कडी पण चांगली लावा. येऊरच्या जंगलाजवळ राहणाऱ्यांना बिबट्याचं मी काय सांगणार.

घमेलं घेताना सोळा इंचाच्या खालचं घेऊ नका आणि दाबून बघा, कडक प्लास्टिकचं काळं घमेलं रबरी म्हणून गळ्यात मारतात, दाबल्यावर जे वाकून परत येतं ते खरं. आता ऊन वाढलंय तर ते सावलीत हलवा, काळं रबर दुपारी पाणी चटका बसेल इतकं तापवतं, आणि बदकाला आपल्याकडे खरा त्रास एप्रिल-मेचाच. तिशीच्या पुढे पारा गेला की ती चोच उघडून धापा टाकतात. त्यासाठी यावेळी एक मोठा टब आणि वर शेडनेट लावतोय, नर्सरीत मिळते ती हिरवी, ती कितपत टिकते ते पावसाळ्याआधी लिहीन.