पाळकाला पगार द्यायचा का नाही? ठरवण्याआधी दोन्ही बाजू बघा

ख्रिस्ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या कमिटीत पाळकाच्या (धर्मगुरूच्या) पगाराचा विषय निघाला की दोन्हीकडचे लोक बायबलच उघडतात. पगार द्या म्हणणारे लूक १०:७ दाखवतात, कामकऱ्याला त्याची मजुरी मिळालीच पाहिजे, आणि नको म्हणणारे मत्तय १०:८, फुकट मिळालंय तर फुकट द्या. प्रेषित पौलाचं तर विचारूच नका, करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ ९) तो जवळजवळ अर्धा अध्याय भांडतो की सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, सांगणाऱ्याचं पोट सुवार्तेवर चाललं पाहिजे, मळणीच्या बैलाला मुसकी घालू नका वगैरे, आणि एवढं सगळं पटवून झाल्यावर म्हणतो मी मात्र हा हक्क वापरला नाही. करिंथमध्ये तो तंबू बनवायचं काम करत होता, पण मासेदोनियाच्या ख्रिस्ती बांधवांनी आणलेली मदत त्याने घेतली. म्हणजे नुसत्या वचनांवर निकाल लागत नाही, तुमच्या मंडळीला त्या माणसाकडून नक्की काय हवंय ते आधी बघा.

पगारी पाळकाचा मोठा फायदा म्हणजे वेळ. मंगळवारी सकाळी अकरा वाजता अंत्यविधी निघाला तर नोकरी करणारा माणूस साहेबाकडे रजा मागत बसणार, आणि परवाच दुसऱ्या कुणासाठी घेतली असेल तर तोंड कसं दाखवणार? शिवाय दवाखान्यातल्या भेटी, लग्न मोडायला आलेली जोडपी, हे सगळं रात्री नऊनंतर उरकायचं नसतं. उपदेशाची तयारी शनिवारी रात्री जेवण झाल्यावर सुरू झाली की रविवारी ऐकणाऱ्याला कळतंच.

पण पगाराचा काटाही आहे. ज्यांच्या अर्पणावर घर चालतं त्यांनाच पाळकाने चुका दाखवायच्या. त्यातला जास्त देणारा एखादा नाराज झाला तर पुढच्या उपदेशात तो विषय हळूच गळतो, कोणी सांगायची पण गरज लागत नाही. इंग्लंडमधला पाळक जॉर्ज म्यूलर याने १८३० मध्ये ठरलेला पगार सोडला तो अशाच कारणाने. तेव्हा चर्चमध्ये बसायच्या जागांचं भाडं घ्यायचे, त्यातून पगार निघायचा, आणि श्रीमंताला चांगली जागा मिळायची. त्याने पेटी ठेवली, ज्याला वाटेल त्याने टाकावं. ऐकायला भारी वाटतं, पण दुसऱ्यांनी ठरवून पाळकावर हे लादू नये असं मला वाटतं, विश्वास त्याचा असायला हवा, कमिटीच्या काटकसरीचं नाव विश्वास ठेवू नका.

बिनपगारी पद्धत चालते का? चालते की. मॉर्मन, क्वेकर, ब्रेदरन या पंथांकडे बघा. मॉर्मन लोकांचा स्थानिक बिशप, म्हणजे मंडळीचा प्रमुख, आपली नोकरी सांभाळून काम बघतो, साधारण पाच वर्षांनी दुसरा येतो, आणि जोडीला दोन सल्लागार असतात. क्वेकरांच्या शांत उपासनेत तर पगारी उपदेशकच नसतो, ब्रेदरन मंडळ्यांमध्ये मंडळीतले वडीलधारे (एल्डर) मिळून बघतात. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, काम वाटलेलं असतं. बाकी ठिकाणी लोकांना पगार द्यायचा नसतो पण एकाच माणसाने सगळं करावं असं वाटतं, आणि मग फुकट सेवेची किंमत त्याची बायको नि पोरं भरतात. हा प्रकार मला सगळ्यात वाईट वाटतो, उघड कमी पगार देण्यापेक्षा पण वाईट.

मधला मार्ग म्हणजे अर्धवेळ मानधन आणि बाहेर नोकरी. छोट्या मंडळीला तोच बरा. पण गोची अशी की मानधन अर्धं झालं तरी फोन पूर्णवेळच येतात, म्हणून तास आणि सुट्टीचा वार लेखी ठरवा आणि सगळ्या मंडळीला सांगा, नुसतं कमिटीच्या वहीत नको.

माझं मत विचाराल तर रोज उपलब्ध असणारा एक माणूस हवा असेल तर नीट पगार द्या, आणि चार-पाच जण खरोखर कामं उचलणार असतील तरच बिनपगारी जा, "करू की आपण सगळे" एवढ्यावर नको, नावं लिहून घ्या. पगार देणार असाल तर आकडा ठरवताना पाळकाला खोलीबाहेर बसवू नका, घरभाडं आणि म्हातारपणाची सोय त्यात धरली का हे त्याला समोरच विचारा. आणि कोण किती अर्पण देतो ते फक्त खजिनदाराला माहीत असू दे, पाळकाला ती यादी दाखवूच नका.