कोर्तिना की आल्ता बादिया? आधी घरातली डोकी मोजा

चौघं जाणार असाल तर त्यातले खरोखर स्की करणारे किती, हा हिशेब आधी मांडा. हॉटेलचे तारे नंतर मोजा. इटलीच्या डोलोमाइट्स पर्वतांत खर्चाचा हात सैल सोडून सुट्टी घालवायची म्हटलं की गाडी शेवटी दोन नावांवर येऊन थांबते. कोर्तिना द'आम्पेत्सो आणि आल्ता बादिया. 'डोलोमिती सुपरस्की'चा १,२०० किलोमीटर उतारांचा पास दोन्हीकडे चालतो, मधे फक्त घाट. सुट्टी मात्र पार वेगळी.

कोर्तिना हे शहरच. १९५६ आणि २०२६ अशा दोन हिवाळी ऑलिंपिकचं गाव, आणि त्याचा तोरा जागोजागी दिसतो. 'कोर्सो इतालिया' या मुख्य रस्त्यावर गाड्यांना बंदी, संध्याकाळी तिथे फरचे कोट मिरवायला बाहेर पडतात, आणि स्कीला हातही न लावणाऱ्या माणसाचा दिवस दुकानं, कॅफे, केबल कार यांत मजेत जातो. व्हेनिसच्या विमानतळाहून गाडीने साधारण दोन तास. आईबाबा बरोबर असतील तर हे फार मोठं सुख.

अडचण अशी की इथले उतार विखुरलेले आहेत. फालोरिया एका अंगाला, तोफाना दुसऱ्या, चिंक्वे तोर्री आणखी लांब. तोफाना आणि चिंक्वे तोर्री २०२१पासून गोंडोलाने, म्हणजे बंद डब्यांच्या केबल कारने, जोडलेत खरे, पण गावातल्या बहुतेक हॉटेलांतून उतारावर नेणाऱ्या पहिल्या लिफ्टपर्यंत बस किंवा टॅक्सी लागतेच. स्कीचे बूट घालून बसच्या पायऱ्या चढणं म्हणजे दोन्ही पायांना प्लास्टर घालून एसटी पकडणं. पंचतारांकित भाडं मोजून रोज सकाळी हा सोहळा करायचा का, ते तुम्ही ठरवा.

आल्ता बादियात शहर नाही. कोर्वारा, सान कास्सियानो, ला व्हिल्ला अशी लादिन भाषा बोलणारी गावं आणि त्यांना जोडणारे रुंद, बहुतांशी निळे-लाल उतार, म्हणजे सोपे ते मध्यम. पहिल्यांदाच स्की शिकणाऱ्याला याहून प्रेमळ जागा मला तरी ठाऊक नाही. पट्टीच्या माणसासाठी ला व्हिल्लाचा 'ग्रान रिसा' हा अवघड उतार आहेच. नीट निवडलं तर हॉटेलच्या दारातच स्की चढवता येतात, आणि माझ्या मते इथली चैन हीच. थोडा हात बसला की 'सेल्लारोंदा' करा. सेल्ला पर्वताभोवतीची ही दिवसभराची प्रदक्षिणा लिफ्ट धरून सुमारे ४० किलोमीटरची. नारिंगी पाट्या घड्याळाच्या दिशेने, हिरव्या उलट. शेवटची लिफ्ट चुकली तर घाटाघाटातून टॅक्सी, आणि ते बिल चांगलंच लक्षात राहतं. रात्री मात्र गाव चिडीचूप. ज्याला स्की करायचं नाही तो तिसऱ्या दिवशी कंटाळतो.

जेवणात शाकाहाऱ्यांचे हाल होतात ही भीती निम्मीच खरी. कोर्तिनाकडचे 'कासुन्त्सियेई' म्हणजे बीटाचं सारण भरलेल्या पास्त्याच्या करंज्या, वर वितळलेलं लोणी आणि खसखस. बादियाकडच्या करंज्यांत पालक आणि रिकोत्ता चीज. 'कानेदेर्ली' या पावाच्या गोळ्यांत मात्र बरेचदा डुकराचं मांस असतं, म्हणून विचारूनच मागवा.

बर्फाचीच धास्ती असेल तर दोन्ही सोडून इटलीतलंच चेर्व्हिनिया. गावच २,०५० मीटरवर आणि वरून थेट स्वित्झर्लंडच्या झेरमाटशी जोडलेलं. पण गाव रुक्ष, डोलोमाइट्सचे गुलाबी होणारे कडे तिथे नाहीत.

तारखा ठरवताना नाताळ ते ६ जानेवारी आणि फेब्रुवारीतला कार्निव्हल टाळा. मधल्या आठवड्यांत तेच हॉटेल बरंच स्वस्त पडतं. इटलीत उतारावर तृतीय पक्ष विमा २०२२पासून सक्तीचा आहे, बहुतेक ठिकाणी पासबरोबरच विकत मिळतो.

दोन्ही हवंच असेल तर आधी बादियात चार रात्री, मग कोर्तिनात दोन, कारण तोवर मांड्या संपावर गेलेल्या असतात आणि परतीचं व्हेनिसही जवळ येतं. मधल्या फाल्झारेगो घाटावर लागाझुओईची केबल कार आहे. तिथून बादियातल्या आर्मेंतारोलाकडे उतरणारी स्कीची लांबलचक वाट शेवटी सपाट होते. तिथे घोड्यांच्या गाडीमागे लांब दोर बांधलेला असतो, त्याला धरून वीस-पंचवीस माणसं रांगेने ओढत नेली जातात. थोडे सुटे युरो खिशात ठेवा, आणि दोर धरताना हातमोजे काढू नका.