क्वाटर्नरी एचपीएलसी: आठ महिन्यांच्या वापरानंतर, मुख्यतः प्रेशरबद्दल

एचपीएलसी म्हणजे द्रावणातले घटक दाबाखाली कॉलममधून वेगळे करून मोजणारं मशीन; क्वाटर्नरी म्हणजे चार सॉल्व्हंट मिसळणारं. ४०० बारचा पंप, ऑटोसॅम्पलर (नमुने आपोआप आत सोडणारा), कॉलम ओव्हन, यूव्ही डिटेक्टर असा नेहमीचा संच. काम फॉस्फेट बफर आणि अ‍ॅसिटोनायट्राइलवर. २५० बाय ४.६ मिमीचा सी-१८ कॉलम, फ्लो मिनिटाला १ मिली. रिझल्टबद्दल तक्रार नाही. मशीनची खरी पारख होते ती प्रेशर चढल्यावर.

तेव्हा पाना उचलायचा नाही. आधी फ्लो बंद करून डिस्प्लेवर शून्य येऊ द्या. प्रेशर असताना जोड सैल केला तर सॉल्व्हंटची बारीक धार डोळ्यात जाते. मग पर्ज व्हॉल्व्ह (द्रव कॉलमकडे न नेता थेट वेस्टला सोडणारा) उघडून मिनिटाला ५ मिलीने पाणी सोडा. १० बारच्या वर गेलं तर पर्ज व्हॉल्व्हमधला पीटीएफई फ्रिट (बारीक गाळणी) चोंदलाय, म्हणजे किरकोळ खर्च. इथे ठीक असेल तर व्हॉल्व्ह बंद करा, कॉलम काढून जागी युनियन (दोन नळ्या जोडणारा साधा जोड) लावा आणि १ मिलीवर बघा. प्रेशर उतरलं तर दोष गार्डचा (कॉलमच्या आधीच्या छोट्या संरक्षक कॉलमचा) किंवा कॉलमचा. नाहीच उतरलं तर डिटेक्टरच्या टोकाकडून मागे एकेक जोड सोडत या, दर वेळी फ्लो बंद करून. ज्या जोडाला प्रेशर पडलं, त्याच्या लगेच पुढचा (डिटेक्टरच्या बाजूचा) तुकडा बंद आहे.

चोंदण्याचं कारण बहुतेक वेळा आपणच असतो: बफर आत असताना थेट जास्त अ‍ॅसिटोनायट्राइलवर गेलं की फॉस्फेट खाली बसतं. मध्ये १० टक्के मेथॅनॉलचं पाणी अर्धा तास चालवा, मगच ऑरगॅनिक. मेथॅनॉल-पाणी निम्मंनिम्मं असताना प्रेशर तसंही जास्तच दिसतं, कारण ते मिश्रण दोन्ही घटकांपेक्षा घट्ट असतं. त्याला बिघाड समजू नका.

प्रेशर चढत नाही पण नाचतंय? आधी हवेचा बुडबुडा, मग चेक व्हॉल्व्ह (द्रव एकाच दिशेने जाऊ देणारा). अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये त्यातली गोळी चिकटते. आयसोप्रोपेनॉलमध्ये दहा मिनिटं सोनिकेट करून (ध्वनिलहरींनी धुऊन) बाणाची दिशा पाहून बसवा. सॉल्व्हंटच्या बाटलीतला काचेचा इनलेट फिल्टर मात्र सोनिकेटरमध्ये टाकू नये, फुटतो.

यूव्ही डिटेक्टरमधल्या ड्युटेरियम दिव्याचं आयुष्य साधारण २,००० तास. नॉइज वाढला म्हणून कव्हर उघडायचं तर आधी वीज बंद, दिवा गार, आणि काचेला उघडं बोट नाही. चालू दिव्याकडे पाहणं म्हणजे डोळे भाजून घेणं.

अ‍ॅसिटोनायट्राइलचा फ्लॅश पॉइंट २ अंश सेल्सियस आहे आणि ते पातळ नायट्राइल हातमोज्यातून काही मिनिटांत पार होतं. मोजा भिजला की बदला. वेस्टचा कॅन झाकणाचाच हवा.

या मॉडेलचा खटकणारा भाग म्हणजे गळतीचा ट्रे: ड्रेनची नळी बारीक, त्यात मीठ साचतं आणि गळती नसतानाही सेन्सर ओरडतो. आठवड्यातून एकदा गरम पाणी सोडायचं. सील वॉशची (पिस्टन सील ओला ठेवणाऱ्या द्रवाची) बाटलीही रिकामी झाली तरी मशीन गप्पच. त्यातलं १० टक्के आयसोप्रोपेनॉल रोज डोळ्यांनी तपासा. कोरडा पडलेला पिस्टन सील पहिल्यांदा कळतो तो पंपाखाली दिसणाऱ्या पांढऱ्या पावडरीवरून.