लॅपटॉपला जोडायच्या मल्टिमीटरच्या नावावर ६,८१० रुपये लुबाडले

गोव्यातल्या डिचोली-साखळी भागात इन्व्हर्टर, बॅटऱ्या, सोलरची कामे करणाऱ्यांनी आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्या पोरांनी हे वाचाच. ‘पीसी-लिंक मल्टिमीटर’ची, म्हणजे मोजलेले व्होल्ट केबलने लॅपटॉपवर नोंदवणाऱ्या मीटरची जाहिरात सध्या फोनवर फिरते आहे. मीटर, यूएसबी केबल आणि सॉफ्टवेअर मिळून ४,४५० रुपये. मी घेतला. वर ‘ड्रायव्हर ॲक्टिव्हेशन’चे (ड्रायव्हर म्हणजे लॅपटॉपला केबल ओळखायला लागणारे छोटे सॉफ्टवेअर) २,३६० भरले, म्हणजे २,००० अधिक १८ टक्के जीएसटी, बिलाच्या पीडीएफसकट. सगळे ६,८१० गेले.

हौसेखातर घेतला नव्हता. पावसाळ्यात वीज गेली की बॅटरी तासभरही टिकत नाही म्हणून गिऱ्हाईक दुकानात येऊन भांडते, आणि बॅटरी कंपनी वॉरंटी मानत नाही. १५० एएचची (अँपिअर-तासांची) बॅटरी लोडवर टाकून ती १०.५ व्होल्टवर यायला, म्हणजे रिकामी व्हायला किती वेळ लागला, याची मिनिटामिनिटाची नोंद असेल तर दोघांपुढे कागद ठेवता येतो. रात्रभर मीटरसमोर कोण बसणार? आणि असे मीटर खरोखर असतात, स्वस्तातही मिळतात. हे खोटे यंत्र नाही, म्हणूनच तर त्याच्या नावावर फसवता येते.

केबल लावली तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळे चिन्ह, म्हणजे लॅपटॉपने केबल ओळखलीच नाही. विक्रेता म्हणाला, विंडोजचा प्रॉब्लेम आहे सर, ड्रायव्हर ॲक्टिव्हेट करावा लागेल. मी पैसे भरले, कारण असा त्रास खराच होतो: अशा यूएसबी केबलमधल्या पीएल२३०३ चिपच्या नकला बाजारात इतक्या आहेत की चिप बनवणाऱ्या प्रोलिफिक कंपनीचा नवा ड्रायव्हर त्या ओळखून नाकारतो. या धंद्यातल्या कोणालाही ते पटले असते. पण खऱ्या चिपचा ड्रायव्हर कंपनी फुकट देते. ड्रायव्हरचे पैसे मागितले की फोन ठेवा.

पैसे गेल्यावर व्हॉट्सॲपवर झिप फाइल आली, सॉफ्टवेअर उघडले, आकडे पळू लागले. १२.६३४, १२.६३१, १२.६३५. मी बॅटरीवरून मीटरचा लाल प्रोब (मोजायच्या तारेचे टोक) उचलला. मीटरवर ०.००. लॅपटॉपवर १२.६३२. केबल उपटली, तरी १२.६३४! मग मीटरचे मागचे झाकण उघडले. केबल बसते तिथे काळी गोल काच आहे, तिच्यामागे आकडे प्रकाशाने केबलकडे पाठवणारा इन्फ्रारेड एलईडी हवा. बोर्डावर त्याची दोन भोके आहेत, त्यांना सोल्डरचा थेंबही लागलेला नाही.

मला सर्वांत जास्त जाळते ते त्यांच्या व्हिडिओतले दृश्य. मीटरच्या पडद्यावर १२.६३ आणि शेजारी लॅपटॉपवर १२.६३४. सहा हजार काउंटचा, म्हणजे ५,९९९ पर्यंतच आकडा दाखवू शकणारा मीटर १२ व्होल्टला दोनच दशांश दाखवतो. एफएस९७२१ चिपचे स्वस्त मीटर तर पडद्यावरच्या आकड्यांचे कोणते तुकडे पेटलेत तेवढेच १४ बाइटांत पाठवतात. मग तो पाचवा आकडा आला कुठून? व्हिडिओ मी कितीदा तरी पाहिला होता. पण तो दोन सेकंदांत सरकतो, आणि खाली खूश गिऱ्हाइकांच्या कॉमेंटी. कोण दशांश मोजत बसतो?

तुम्ही मोजा. आणि विक्रेत्याला एकाच फ्रेममध्ये दोन्ही पडदे दाखवून प्रोब उचलायला सांगा.

आता पोलीस. ठाण्यावरचा शिपाई म्हणाला, ‘वस्त मेळ्ळी मरे तुका, मागीर फटवणूक खंयची?’ (वस्तू मिळाली ना तुला, मग फसवणूक कुठली?) मी उघडा मीटर टेबलावर ठेवला, रिकामी भोके दाखवली. त्याने पाहिलेही नाही. साहेब म्हणाले, हा ग्राहक वाद आहे, इथे येत नाही. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकलात, व्यवहार अधिकृत आहे. मी काय पिन शेजाऱ्याला टाकायला सांगायला हवा होता? ज्या खात्यात पैसे गेले ते चालू आहे, नंबर चालू आहे, जाहिरात चालू आहे, आणि माझ्याकडून मात्र तेच अर्ज पुन्हा पुन्हा भरून घेताहेत. लेखी पोच द्यायलाही तयार नाहीत. रक्कम लहान, असे मला तोंडावर सांगितले. ६,८१० रुपये लहान? असे किती जणांकडून घेतले असतील, ते कोण मोजणार?

पैसे गेल्या गेल्या १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा, बँकेत जाण्याच्या आधी. बिलावरचा जीएसटी क्रमांक मोजा: तो १५ अक्षरांचा असतो, गोव्याचा ३० ने सुरू होतो. माझ्या बिलावरचा १४ अक्षरांचा निघाला. मीटर घेण्याआधी मीटरचे आकडे लॅपटॉपवर घेणाऱ्या सिग्रोक या फुकट सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचे मॉडेल आहे का बघा. आणि इन्फ्रारेडऐवजी सरळ तारेने जोडणारी केबल कोणी दिली तर हातही लावू नका. प्रकाशाने जोडलेली केबल मीटर आणि लॅपटॉप विजेने वेगळे ठेवते. सरळ तार असली आणि तुम्ही २३० व्होल्ट मोजत असलात, तर तो करंट लॅपटॉपवाटे तुमच्या हातात येऊ शकतो.

जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही. माझी तक्रार लिहून तयार आहे, मीटर उघडाच ठेवला आहे. ज्यांच्याकडे हाच मीटर आहे त्यांनी झाकण उघडून भोकांचा फोटो काढा आणि पैसे पाठवल्याच्या पावतीसह मला पाठवा, सगळे एकत्र जोडतो.