रिमोल्डच्या साच्यात स्प्रिंग व्हेंट: आठ महिने वापरल्यावर

संकेश्वरजवळ हायवेला लागून आमचं टायर रिमोल्डचं, म्हणजे झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं काम आहे, वडिलांपासूनचं. आजूबाजूचे बहुतेक जण प्रीक्युअरवर, म्हणजे आधीच डिझाइन उठवलेली रबराची पट्टी चिकटवायच्या पद्धतीवर गेले, पण आमच्याकडं गरम साचा अजून चालतो. ऊस ओढणाऱ्या ट्रॉल्यांचे आणि जुन्या ट्रकांचे नायलॉन टायर आमच्याकडं जास्त येतात आणि त्यांच्या मालकांना खांद्यापर्यंत, म्हणजे टायरच्या बाजूच्या कडेपर्यंत भरलेला लग (डिझाइनचा जाड उंच ठोकळा) लागतो. 10.00-20 मापाच्या टायरचा लग डिझाइनचा एक ॲल्युमिनियमचा साचा आहे, वर्षाचं निम्मं काम त्याच्यावर निघतं. गणपती झाल्यावर त्याची साधी हवेची भोकं काढून तिथं स्प्रिंग व्हेंट बसवले. ऊसाचा अख्खा हंगाम त्याच्यावर गेला, त्यामुळं आता खात्रीनं लिहिता येईल.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टायर साच्यात घालून आतून दाब दिला की रबर डिझाइनमध्ये शिरतं. तिथली हवा बाहेर जायला वाट नसेल तर ती कोपऱ्यात अडकते आणि लगचा कोपरा गोल किंवा खड्डा पडलेला येतो. म्हणून साच्यात बारीक भोकं असतात. हवा गेली की मागोमाग रबरही भोकात जातं. नव्या टायरवर दिसणारे रबराचे केस ते हेच. आमची खरी डोकेदुखी होती ती तुटून आत राहणाऱ्या केसांची. टायर काढताना एखादा केस तुटला की भोक बंद. मग एक मिलिमीटरच्या ड्रिलनं एकेक भोक मोकळं करत बसायचं. दर दहाबारा टायरांमागं अर्धा दिवस त्यातच जायचा, ड्रिल आत मोडलं तर आणखी वेगळं. आणि वर्षानुवर्षं ड्रिल फिरवून भोकं इतकी सैल झाली होती की केस काडीएवढे जाड यायला लागले होते.

स्प्रिंग व्हेंट म्हणजे छोटी पोलादी नळी. तिच्यात डोकं असलेली एक बारीक दांडी आणि डोक्याखाली स्प्रिंग. स्प्रिंगमुळं डोकं किंचित वर राहतं आणि त्या फटीतून हवा निघते. रबर आलं की तेच डोक्याला दाबून बसवतं आणि वाट बंद करतं. टायर निघाला की डोकं परत वर. टायरवर केस येत नाही, फक्त एक लहान गोल ठसा राहतो.

आमच्या साच्यात 420 बसले. नळ्यांचे 25 हजार आणि बेळगावच्या उद्यमबागेत ड्रिल मारून, रीमर फिरवून बसवण्याचे 11 हजार गेले. तिथले मिस्त्री ओतकामाच्या साच्यांवर हात बसलेले, वडिलांच्या ओळखीचे. तरी पहिला फेरा चुकला, आणि ती चूक तुमच्याकडं होऊ नये म्हणून सविस्तर लिहितो. नळ्या बसवताना त्या अंगठ्याच्या जोरावर आत जात होत्या. गार साच्यात घट्ट वाटल्या, म्हणून आम्हीही हो म्हणालो. पण आमचा साचा चार किलो वाफेवर दीडशे डिग्रीला चालतो. ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. तीन मिलिमीटरच्या भोकाला एवढ्या उष्णतेत साधारण चार मायक्रॉनची ढील पडते. ऐकायला काहीच नाही, पण अंगठ्यानं बसलेल्या नळीचा धर सुटायला तेवढं पुरतं.

तिसऱ्या टायरला कळलं. टायर बाहेर काढला आणि हुक्केरीचा आमचा पोरगा साच्यावरून बोट फिरवत होता. एकदम थांबला आणि म्हणाला, "अण्णा, इल्लि ओंदु इल्ला!" एक जागा रिकामी होती. नळी गेली कुठं म्हणून टायर फिरवून बघितला, तर खांद्याजवळच्या एका लगमध्ये ती रुतून बसलेली. डोकं आत आणि पाठ बाहेर. ब्लेडनं कापून काढली. तो टायर तसाच गाडीला लागला असता तर काय झालं असतं, या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी साचा परत बेळगावला नेला. अशा अकरा नळ्या सैल निघाल्या. त्या जागी मिस्त्रींनी किंचित जाड अंगाच्या नळ्या लेथवर करून हातोडीनं ठोकून बसवल्या. "आता तापवून बघा आणि मगच न्या," म्हणाले. तापवून बघितला, तेव्हापासून एकही सुटलेली नाही. तरी प्रत्येक टायरनंतर साच्यावर बोट फिरवायचं हा आमच्याकडं नियमच झाला आहे.

ठोकतानाही एक बघा. डोकं मिटलेलं असताना ते साच्याच्या पृष्ठभागाच्या बरोबरीनं हवं, नाहीतर केसभर खाली. वर राहिलं तर टायर निघताना रबराला अडकतं आणि लगचा काठ फाटतो. खांद्याच्या गोलाईवर हे सांभाळणं अवघड आहे, कारण तिथं भोक गोलाईला काटकोनात पडलं पाहिजे. सरळ उभं मारलं तर नळीची एक कड वर राहतेच.

पहिल्या महिन्यात आणखी एका गोष्टीनं छळलं. नळ्या नव्या, हवा जायला जागा आहे, तरी डाव्या खांद्यावर सलग चारपाच लगांचे कोपरे भरेनात. वाफ वाढवून बघितली, रबराची पट्टी जाड घेतली. शेवटी ॲल्युमिनियमचा भाग बाहेरच्या कवचातून काढला, तेव्हा कारण दिसलं. नळीतून हवा साच्याच्या पाठीमागं येते आणि तिथल्या खाचेतून बाहेर जाते. त्या खाचेत कित्येक वर्षांची काजळी आणि करपलेलं रबर दगडासारखं बसलं होतं. छिन्नीनं तासून काढलं. पुढच्या टायरला सगळे कोपरे बोट कापतील असे धारदार आले. म्हणजे व्हेंटमध्ये काही दोष नव्हता, हवेची पुढची वाटच बंद होती. नवे व्हेंट घेण्याआधी साच्याची पाठ बघा. निम्म्या जणांचं काम तेवढ्यावर भागेल, असं मला आता वाटतं.

साफसफाई मात्र बदलावी लागली. आधी आम्ही साच्यावर वाळूचा फवारा मारायचो. तो आता पूर्ण बंद, कारण एक कण फटीत गेला तरी डोकं अडकतं. मोठ्या टायर कारखान्यांत कोरड्या बर्फाचा फवारा मारतात, आम्हाला तो परवडत नाही. आम्ही साचा कोमट असताना मऊ पितळी ब्रश मारतो आणि आठवड्यातून एकदा हवेची लाईन पाठीकडून लावतो. टायर सुटायला सिलिकॉनचा स्प्रे मारतात, तोही निम्म्यावर आणला. जास्त मारला की स्प्रिंगवर साठतो, वरून रबरातल्या गंधकाचा आणि जस्ताचा थर बसतो आणि दोन्ही मिळून चिकट लेप होतो. डिसेंबरात, ऐन गर्दीत, अशा पस्तीसेक नळ्या बंद पडल्या होत्या. त्यातल्या बहुतेक सॉल्व्हंट टाकून दाबल्यावर सुटल्या, सहा बदलाव्या लागल्या.

केस येत होते तेव्हा एक सोय होती, जी आता गेली. केस नसेल तिथलं भोक बंद आहे हे टायर बघूनच कळायचं. आता टायर सगळीकडून सारखाच दिसतो. बंद पडलेली नळी शोधायला बारक्या काडीनं एकेक डोकं दाबून बघावं लागतं. खाली जाऊन परत वर आलं तर ठीक. 420 डोकी तपासायला दोन माणसांना पाऊण तास लागतो. हे काम शनिवारी संध्याकाळी ठेवलं आहे.

रबर वाचतं म्हणून हे घ्या, असं विकणारे सांगतात. ते खरं नाही. एक मिलिमीटर जाड आणि दीड सेंटिमीटर लांब असे 420 केस धरले तरी टायरमागं जेमतेम सहा ग्रॅम रबर होतं. वाचतो तो वेळ. केस कापायला टायरमागं वीस मिनिटं जायची ती गेली आणि ड्रिलचा अर्धा दिवसही. आणि माल परत यायचा कमी झाला. आधी चाळीस टायरांत चारपाचांना खांद्यावर डागडुजी लागायची. फेब्रुवारी-मार्चमध्ये, पाठीच्या खाचा साफ केल्यावर आणि स्प्रे कमी केल्यावर, तेवढ्यात एखादाच निघाला. रायबागचा आमचा एक जुना गिऱ्हाईक ओल्या शेतातून ट्रॉली काढतो, त्यानं यंदा लगचा काठ हातानं चाचपून बघितला आणि उरलेले दोन टायरही रिमोल्डला देऊन गेला.

ज्यांच्याकडं महिन्याला पाचदहाच टायर होतात त्यांनी एवढा खर्च करू नये. भोकं स्वच्छ ठेवली तरी त्यांचं भागेल. साचा झिजलेला असेल, दोन भागांच्या सांध्यातून रबर बाहेर येत असेल, तर आधी तो सांधा घासून घ्या. त्या फुटव्यावर व्हेंटचा काही उपाय नाही.

आमचा 9.00-20 चा साचा आता खोलून ठेवलाय. त्यात सगळीकडं बसवणार नाही, फक्त दोन्ही खांद्यांच्या ओळींत, कारण मधला भाग तसाही नीट भरतो. पाठीच्या खाचा या वेळी आधी तासून घेतल्या. भोकं मारायला जूनमध्ये, ट्रॉल्या बंद झाल्यावर नेणार आहे.