एकच दर की वेळेनुसार दर?
वीज महागली की दोन योजना समोर मांडून बसावं लागतं, आणि डोकं तिथेच उठतं. एकच दर असला की हिशेब सरळ: युनिट गुणिले दर. वेळेनुसार दरात कमी मागणीच्या वेळचा आकडा स्वस्त दिसतो खरा, पण मागणी वाढलेल्या संध्याकाळी तोच मीटर खिसा कापतो. २ किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की १ युनिट. गीझर वेळ बदलून लावता येतो. फ्रिजला मात्र घड्याळ कळत नाही, आणि स्वयंपाक मध्यरात्री कोण करणार? त्यात स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो, बिलात लागणारी ठरावीक रक्कम, वेगळा, तोही बारीक अक्षरात! इलेक्ट्रिक गाडी स्वस्त वेळेत चार्ज होत असेल तर वेळेनुसार दर बेशक घ्या. संध्याकाळीच सगळं घर जागं होत असेल, तर माझं मत एकाच दराला.