भिंत फोमची की प्लास्टरची? कोपरा बघून ठरवा

डायोरामाच्या, म्हणजे छोट्या प्रमाणातल्या देखाव्याच्या मॉडेलच्या, भिंती करणाऱ्यांत दोन पंथ दिसतात: एक्स्ट्रूडेड फोम कोरणारे आणि प्लास्टर ऑफ पॅरिस ओतणारे. मी दोन्ही भरपूर वापरलंय, आणि तेही आपल्याकडच्या, खानदेशातल्या बांधकामांसाठी. लळिंग किल्ल्याची तटबंदी, थाळनेरच्या फारुकी सुलतानांच्या कबरींचं घडीव काम, भुसावळच्या धर्तीची रेल्वेची विटांची क्वार्टर्स, तापीकाठची धाब्याची घरं. प्रमाण बहुतेक १:३५ (खऱ्याच्या पस्तिसाव्या भागाएवढं), क्वचित १:७२. त्यामुळे माझं मत या कामापुरतं धरावं. युरोपातली गल्ली करणाऱ्याचं गणित थोडं वेगळं असू शकतं.

फोमची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. साधा थर्माकोल मी यात धरतच नाही. सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ मध्ये राज्यात बंदी आली तो भाग वेगळाच, पण मुळात कोरताना त्याचे मणी सुटतात आणि दगडाऐवजी मणीच दिसत राहतात. एक्स्ट्रूडेड फोम म्हणजे छताखाली उष्णता अडवायला घालतात तो घट्ट, निळा किंवा गुलाबी फोम, तो घ्यायचा. इन्सुलेशनची कामं घेणाऱ्या ठेकेदाराकडे उरलेले तुकडे मागून बघावेत. त्यावर संपलेल्या बॉलपेनने सांधे दाबायचे, ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा वरून फिरवायचा, की काळ्या पाषाणाचा खडबडीतपणा बघता बघता उतरतो. पसारा नाही, वाट बघणं नाही. रात्री जेवण झाल्यावर बसलात तर झोपायच्या आधी भिंत उभी. वजन तर नसल्यातच जमा. मॉडेल मांडीवर घेऊन एसटीने जळगावहून धुळ्याला न्यायचं असेल, तर हे सुख लहान नाही. स्प्रेमधलं सॉल्व्हंट फोम खातं म्हणून आधी फेव्हिकॉल आणि काळ्या ॲक्रिलिकचा हात द्यायचा, एवढं सगळ्यांना माहीत असतंच.

प्लास्टर त्यामानाने जास्त लक्ष मागतं. पावडर पाण्यावर भुरभुरायची, पाणी पावडरवर ओतायचं नाही. वजनाने साधारण दोन भाग पावडर, एक भाग पाणी. भांड्याला आधीचं प्लास्टर चिकटलेलं राहिलं तर नवं फार लवकर धरतं (घट्ट होतं), कारण जुन्या स्फटिकांभोवती नवे भराभर वाढतात. म्हणून भांडं दर वेळी लख्ख हवं. चिमूटभर लिंबूसत्त्व घातलं की हाताला थोडा वेळ मिळतो. काचेवर सात-आठ मिलिमीटर जाडीची लादी ओतायची आणि नख रुततं पण बोट बुडत नाही, त्या वेळी कोरायला घ्यायची. ही वेळ थोडी असते. ती टळली तरी काम अडत नाही, फक्त रेघ ओढण्याऐवजी खरवडावं लागतं. खरवडताना सांध्याच्या कडेची बारीक कपची उडते, आणि मला प्लास्टर आवडतं ते या कपचीसाठी. फोमवर दाबल्याची खूण उमटते, प्लास्टरवर तुटल्याची. आणि छिन्नी-टाकीने घडवलेला दगड तुटलेलाच असतो.

तरीही, नुसती सपाट भिंत करायची असती तर मी फोमवर खूश राहिलो असतो. माझा निर्णय फिरवला तो कोपऱ्याने.

खरी दगडी भिंत कोपऱ्यात संपत नाही, वळते. एका थरात कोपऱ्याच्या दगडाची लांब बाजू दर्शनी येते, तर वरच्या थरात आखूड. असे आलटून पालटून दगड बसले तरच दोन भिंती एकमेकींना धरतात. विटांतही तेच. आता फोमच्या दोन पट्ट्या काटकोनात चिकटवून बघा. सरळ टेकवल्या तर एका बाजूला पट्टीच्या जाडीची उभी रेघ दिसते. पंचेचाळीस अंशात कापून जोडल्या तर ती रेघ नेमकी धारेवर येते, म्हणजे प्रत्येक कोपऱ्याचा दगड मधोमध चिरलेला. ती बुजवायला पुट्टी भरली की दुखणं वाढतं. पुट्टीवर बॉलपेन दबत नाही, फॉइलचा बोळा खूण सोडत नाही, आणि गोंद फोमपेक्षा कडक असल्याने पात्याचं टोक तिथे अडखळून बाजूचा फोम फाडतं. यातूनही सावरून रंग दिला, भिंत छान दिसली, आणि शेवटी पातळ काळा वॉश (खाचांत उतरणारा पाणीदार रंग) सोडला, की तो त्या केसाएवढ्या फटीत जाऊन बसतो आणि वरपासून खालपर्यंत शिवण काढून दाखवतो.

गावाकडच्या एका जुन्या गवंडीआबांना मी तटाचा असा एक तुकडा दाखवला होता. रंग, शेवाळ, पावसाचे ओघळ यांकडे त्यांनी पाहिलं, मान डोलावली. मग बोट थेट कोपऱ्यावर ठेवलं आणि म्हणाले, "भाऊ, इथं दगड फिरलाच नाही. ही भिंत उभी राहायची नाही." तेव्हापासून मला स्वतःच्या काय, दुसऱ्याच्या मॉडेलमध्येही आधी कोपराच दिसतो.

प्लास्टरमध्ये हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. दोन लाद्या तिरप्या घासून जोडायच्या, कडा पाण्याने पूर्ण भिजवायच्या आणि फटीत तेच प्लास्टर भरायचं. ते अर्धवट धरलं की गुण्या लावून धार सरळ करायची आणि दोन्ही बाजूंनी दगड कोरत न्यायचा. भरलेला भाग आणि लादी एकाच मालाची, त्यामुळे हत्यार अडखळत नाही आणि वॉश दोन्हीकडे सारखाच शोषला जातो. ओलं असताना जोड गडद दिसतो, वाळल्यावर शोधावा लागतो.

फोमवर उपाय नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. एकेक दगड वेगळा कापून खऱ्यासारखी भिंत रचणारी मंडळी आहेत आणि त्यांचं काम बघत राहावं असं असतं. भरीव बुरूज एकाच ठोकळ्यातून कोरला तर जोडच येत नाही. पण पहिल्यात चिकाटी लागते आणि दुसरं पोकळ घराला चालत नाही.

प्लास्टरचा त्रासही सांगायला हवा. ते जड आहे, खाली प्लायच हवा. लांब, बारीक भिंत प्रवासात तडकते. आपल्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असताना पातळ थर प्लास्टर धरायच्या आधीच वाळतो आणि पृष्ठभाग खडूसारखा हाताला लागतो. म्हणून खालचा थर भिजवून घ्यावा आणि पंखा, कूलर त्या वेळेपुरता बंद ठेवावा. (फोमवालेही उन्हाळ्यातून पूर्ण सुटत नाहीत. उन्हात उभ्या बंद गाडीत पातळ भिंत बाक धरू शकते.) कोपरा आपटला की आतला पांढरा भाग दिसतो, ही तक्रार सगळ्यांचीच असते. त्यावर मी पावडरमध्येच फरशीचा काळा ऑक्साइड मिसळतो, विटांसाठी लाल. बेताने, कारण जास्त रंगाने प्लास्टर ठिसूळ होतं. मग टवका उडाला तरी दगडाचाच उडाल्यासारखा दिसतो. आणि भांडं धुतलेलं पाणी मोरीत ओतू नका, पाइप तुंबतो.

धाब्याच्या घरासाठी तर मला निवड फार अवघड वाटत नाही. तिथे वरचा गिलावा खऱ्या मातीचाच द्यावा. शेतातली काळी माती नको. ती फुगते, आकसते आणि तिच्या भेगा प्रमाणात बसत नाहीत. १:३५ च्या घराला एवढी भेग म्हणजे माणूस आत जाईल. पांढरी माती कापडातून गाळून, फेव्हिकॉलच्या पाण्यात कालवून, दोन-तीन पातळ हात द्यायचे. प्लास्टर ते ओढून घेतं. फोम आधी पॉलिश पेपरने खरबरीत केला नाही तर सालीसारखं सुटतं. पायाशी लोणा, म्हणजे भिंतीवर फुटलेला पांढरा क्षार, दाखवायला पांढऱ्या रंगाचा जवळजवळ कोरडा ब्रश पुरतो.

विटांबाबत एक हिशेब करून घ्यावा. नऊ इंच लांब, तीन इंच उंच वीट १:३५ मध्ये साडेसहा बाय सव्वादोन मिलिमीटरला थोडी कमी होते, दोन्हीत जमते. १:७२ मध्ये थर एक मिलिमीटरचा राहतो, तिथे फोम फाटतो आणि प्लास्टरवर सुई चालते. मॉडेल रेल्वेच्या १:८७ प्रमाणाला मी दोन्हींच्या वाटेला जात नाही, उठावाचा तयार शीट घेतो.

घरात लहान मुलं आहेत, जागा एका टेबलापुरती आहे, मॉडेल सारखं हलवायचंय, किंवा पडकी भिंत आहे आणि कोपरा ढासळलेलाच दाखवायचाय, तर निःशंक फोम घ्या. माझ्या शेल्फवरही फोमच्या भिंती आहेत. पण उभं, चौकोनी, कोपरे शाबूत असलेलं घर किंवा तट करायचा असेल, तर माझा हात आपसूक प्लास्टरच्या डब्याकडे जातो.

अजून ठरत नसेल तर पूर्ण भिंत करू नका. तळहाताएवढा नुसता कोपरा दोन्हींत करा, चार-पाच थरांचा, दगड आलटून पालटून वळवलेले. मग खिडकीच्या तिरप्या उजेडात दोनदा बघा, एकदा रंगानंतर आणि एकदा वॉश वाळल्यावर. फोमची शिवण पहिल्या वेळी सहसा दिसत नाही.